बारामतीची उंची ६६५८ मीटर!

बारामती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. समजा, एक संगणक ही उंची ५३८ मीटर सांगतो आणि दुसरा ६६५८ मीटर. दोघांना दिलेली फाईल एकच, प्रोग्रामही एकच. फरक आहे तो फक्त प्रोसेसरच्या जातीचा. तर मग चूक कोणाची?

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा प्रश्न वरचेवर भेटतो. प्रोग्राम तयार झाला की त्याच्या चाचण्या घेतात. चाचणी म्हणजे, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित प्रोग्रामला घालायचे आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी जुळते का ते पाहायचे. शंभर चाचण्या घेतल्या, शंभरही पास झाल्या, म्हणून प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेला आणि तिथे नेमकी एक चाचणी नापास झाली, असे घडते. पहिला संशय अर्थातच त्या नव्या, अनोळखी प्रोसेसरवर जातो. गावात चोरी झाली की परगावच्या माणसाकडे बोट दाखवावे, तसेच हे.

कधी कधी तो संशय खराही ठरतो. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. जूनमध्ये त्यांच्या बेरजा जुळेनाशा झाल्या. त्यांनी प्रोग्राम तपासला, भाषांतरक (म्हणजे कंपायलर) तपासला, तेच गणित जुन्या ४८६ प्रोसेसरवर करून पाहिले. एकेक शक्यता गाळत ऑक्टोबरमध्ये ते पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारापाशी येऊन पोचले. भागाकारासाठी प्रोसेसरमध्ये कोरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की उत्तर १.३३३८२ यायला हवे. सदोष पेंटियम १.३३३७३ असे देई. पुढे इंटेल कंपनीने प्रोसेसर बदलून दिले आणि ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड सोसला.

परंतु नाइसलींची कथा गाजली ती दुर्मीळ म्हणूनच. आमच्या मते शिकण्यासारखे त्याहून अधिक आहे ते नेहमीच्या प्रकरणांत, जिथे प्रोसेसर निर्दोष असतो, फाईल निर्दोष असते, आणि तरी उत्तर चुकते. अशाच एका बिघाडाचा या लेखात आपण मुळापर्यंत माग काढणार आहोत. उदाहरण मुद्दाम लहान रचले आहे. पण त्यातील फाईल, तिची मांडणी आणि प्रोसेसरांचे स्वभाव हे सारे खरे आहेत. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते स्वतः करून पाहता येईल.

७५ रेखांशावरची शीव

फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांच्या उड्डाणात रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील जमिनीच्या सुमारे ८० टक्के भागाची उंची मोजली. यानातून ६० मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढलेला होता. यानात एक अँटेना आणि दांड्याच्या टोकाला दुसरी, अशा दोन 'डोळ्यांनी' जमीन पाहिली गेली. आपल्याला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, त्यातलाच हा प्रकार. या मोजणीच्या फाईली सर्वांना मोफत मिळतात. पाणलोट क्षेत्राचे नकाशे, धरणाच्या फुगवट्याचे अंदाज, ओढ्यांचे उतार अशा अनेक कामांसाठी त्या जगभर वापरल्या जातात. (कालव्याची आखणी मात्र त्यांवरून करता येत नाही. नीरा डाव्या कालव्यासारख्या लांब कालव्यात किलोमीटरमागे उतार अगदी थोडा असतो. आणि या फाईलींतील उंचीत दहा-पंधरा मीटरचीही चूक असू शकते.)

प्रत्येक फाईल एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढ्या चौकोनाची असते. चौकोनाचा नैर्ऋत्य कोपरा हेच तिचे नाव. बारामती १८ अंश ९ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३५ मिनिटे पूर्व अशी आहे, म्हणून ती 'उत्तर १८, पूर्व ७४' या फाईलीत येते. इंदापूर रस्त्याने जेमतेम पन्नास किलोमीटरवर. पण त्याचे रेखांश ७५ अंश २ मिनिटे. म्हणजे इंदापूर शहर पडते ते शेजारच्या 'उत्तर १८, पूर्व ७५' या फाईलीत! तालुक्याची हद्द महसूल खात्याने कुठेही आखलेली असो, या फाईलींच्या दृष्टीने शीव आहे ती ७५ रेखांशावर, इंदापूर शहराच्या थोडी अलीकडे.

फाईलीत काय असते? फक्त उंच्यांचे आकडे, एकामागून एक. नावे नाहीत, रेषा नाहीत, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. चौकोनात १२०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत १२०१ उंच्या; पहिली ओळ उत्तरेकडची, ओळीतला पहिला आकडा पश्चिमेकडचा. लगतच्या दोन आकड्यांत ३ सेकंदांचे, म्हणजे जमिनीवर सुमारे ९० मीटरचे अंतर. प्रत्येक उंचीला दोन बाइट जागा. तेव्हा फाईल १२०१ × १२०१ × २ = २८,८४,८०२ बाइटची भरते.

बारामतीची उंची फाईलीत कुठे सापडेल? १९ अक्षांशापासून बारामती ५१ मिनिटे, म्हणजे ३०६० सेकंद दक्षिणेला आहे; ३ ने भागले की १०२० ओळी. ७४ रेखांशापासून ती ३५ मिनिटे, म्हणजे २१०० सेकंद पूर्वेला. म्हणजे ७०० घरे. तेव्हा (१०२० × १२०१ + ७००) × २ = २४,५१,४४० बाइट ओलांडायचे आणि पुढचे दोन बाइट उचलायचे. भूगोल आणि गणित एकाच तासाला शिकवण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

थोरला आधी की धाकटा आधी?

एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावतो. ५३८ त्यात मावत नाही, म्हणून दोन बाइट लागतात. आपण जसे एकं-दहं करतो, तसेच इथे एकं आणि 'दोनशेछप्पनं' अशी दोन घरे. ५३८ = २ × २५६ + २६. म्हणून एका बाइटमध्ये २ आणि दुसऱ्यात २६. दोनशेछप्पनंच्या घरातील २ ला आपण थोरला बाइट म्हणू आणि एकंच्या घरातील २६ ला धाकटा.

आता संगणकाच्या स्मृतीत ही दोन घरे शेजारी शेजारी मांडायची आहेत. आधी कोण? थोरला की धाकटा? तर्काने याचे उत्तर मिळत नाही. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या आहेत, आणि म्हणूनच दोन्ही प्रचलित आहेत. १९६४ साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम-३६० या संगणकाने थोरला आधी ठेवला. बँका आणि विमा कंपन्यांत वापरले जाणारे आयबीएमचे मोठे संगणक त्याच वंशातले असून ते आजही थोरलाच आधी ठेवतात. इंटेलने १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये धाकटा आधी ठेवला आणि आपल्या शाळा-कार्यालयांतले बहुतेक संगणक ती रीत पाळतात. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर एक मार्मिक टिपण लिहिले. उकडलेले अंडे रुंद टोकाकडून फोडावे की निमुळत्या, यावरून लढणारे लिलिपुटवासी स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये आहेत. त्यांच्यावरून कोहेनने या दोन पंथांना 'बिग-एंडियन' आणि 'लिटल-एंडियन' ही नावे दिली. ती आता पाठ्यपुस्तकांत रुळली आहेत.

मराठी माणसाला खरे तर यासाठी लिलिपुटला जायचे कारण नाही. आपण २५ लिहितो तेव्हा दहंचा अंक आधी, पण वाचतो 'पंचवीस': आधी पाच, मग वीस. लिहिताना थोरला आधी, बोलताना धाकटा आधी! एकशे पंचवीस म्हणताना तर शतक आधी, मग एकं, मग दहं. (असा तिसराच क्रम लावणारेही संगणक होऊन गेले, १९७० च्या दशकातील पीडीपी-११ वर चार बाइटची संख्या अशीच मधूनच फिरवलेली असे.) २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आले तेव्हा केवढी चर्चा झाली होती, हे शिक्षकांना आठवत असेल. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल: ऐकलेला आकडा लिहिताना मुलाला मनातल्या मनात अदलाबदल करावी लागते. पत्ता लिहितानाही आपण आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा लिहितो, तो धाकटा-आधी. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आले की थोरला-आधी. वाचणाऱ्याला कोणती रीत चालू आहे हे ठाऊक असेल तर काहीच अडत नाही.

आपल्या उंचीच्या फाईलीत थोरला आधी असतो. म्हणजे बारामतीच्या जागी आधी २, मग २६.

नापास झालेली चाचणी

आता एक प्रोग्राम घ्या. तो शाळेतल्या इंटेलच्या संगणकावर लिहिला आहे. लिहिणाऱ्याला माहीत आहे की फाईलीत थोरला आधी आणि आपला संगणक धाकटा-आधी वाचणारा. म्हणून त्याने सरळ असे केले: दोन बाइट उचल, संख्या म्हणून वाच, मग बाइटची अदलाबदल कर. इंटेल २ आणि २६ हे बाइट २ + २६ × २५६ = ६६५८ असे वाचतो; अदलाबदल झाली की ५३८. छान!

प्रोग्रामसोबत तीन चाचण्या लिहिल्या. पहिली, फाईल २८,८४,८०२ बाइटची आहे का? दुसरी जरा खुबीची. ७५ रेखांशावरचा उंच्यांचा स्तंभ दोन्ही फाईलींत असतो: बारामतीच्या फाईलीत तो अगदी पूर्वेकडचा, इंदापूरच्या फाईलीत अगदी पश्चिमेकडचा. हे १२०१ आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे यायला हवेत. तिसरी चाचणी साधी: बारामतीची उंची ५०० ते ६०० मीटरच्या दरम्यान आहे ना?

शाळेतल्या संगणकावर तिन्ही पास. तोच प्रोग्राम आयबीएमच्या थोरला-आधी प्रोसेसरवर चालवला. पहिली पास, दुसरी पास, तिसरी नापास. उंची ६६५८ मीटर.

(असा प्रोसेसर आणायचा कुठून, असे कोणी विचारील. 'क्यूईएमयू' नावाचे मोफत सॉफ्टवेअर आपल्या साध्या संगणकावरच दुसऱ्या प्रोसेसरचे सोंग हुबेहूब वठवते. आयबीएमच्या या जातीसाठी डेबियन लिनक्सही मोफत मिळते. थोडी चिकाटी असलेला बारावीचा विद्यार्थी हे जुळवून आणू शकतो.)

माग कसा काढायचा?

पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच सांगतो. लंबकाचा आवर्तकाल मोजताना लांबी आणि वजन एकदम बदलले तर काहीच कळत नाही. इथे फाईल दुसरीकडे नेताना बिघडली का? दोन्हीकडच्या फाईलींतल्या सर्व बाइटची बेरीज करून पाहिली, सारखीच. कंपायलरने काही चलाखी केली का? त्याच प्रोसेसरवर कंपायलरची वेग वाढवण्याची सोय बंद करून पाहिली. उत्तर पुन्हा ६६५८. प्रत्येक वेळी तेच चुकीचे उत्तर येते हा एक चांगला धागा आहे. कधी येणारी, कधी न येणारी चूक शोधणे फार जिकिरीचे.

दुसरा नियम, बिघाड लहान करत आणायचा. साडेचौदा लाख उंच्यांचा नकाशा समोर ठेवून काही दिसत नाही. म्हणून एकच ओळ वाचली, तरी चूक आहेच. एकच बिंदू वाचला, चूक आहे. शेवटी फाईलही बाजूला ठेवली आणि प्रोग्रामला हातानेच २ आणि २६ हे दोन बाइट दिले. उत्तर ६६५८. आता बिघाड एवढा आक्रसला की तो पोस्टकार्डावर लिहिता येईल.

आणि तिसरा, जो आम्हाला सर्वांत आवडतो: चुकीच्या उत्तराकडे निरखून पाहायचे. चुकीचे उत्तर फेकून देण्याची घाई होते, पण चुकीलाही चेहरा असतो.

सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या हिशेबनिसाला हे ठाऊक असते. खतावणीचा मेळ बसत नाही आणि फरक ४५ चा आहे. अनुभवी कारकून लगेच म्हणतो, "नऊने भाग जातोय, कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेत." ५३८ च्या जागी ५८३ लिहिले गेले तर फरक ४५, आणि ४५ ला ९ ने भाग जातो. कारण सोपे आहे. दहंला क आणि एकंला ख असेल तर संख्या १०क + ख. उलटवली की १०ख + क. वजाबाकी ९(क − ख).

हीच युक्ती २५६ च्या पायावर करून पाहू. थोरला क, धाकटा ख: (२५६क + ख) − (२५६ख + क) = २५५(क − ख). म्हणजे बाइट उलटले असतील तर फरकाला २५५ ने भाग गेला पाहिजे. आपला फरक ६६५८ − ५३८ = ६१२०. भागा २५५ ने: २४, बाकी शून्य. आणि २४ म्हणजे बरोबर २६ − २!

एका बिंदूवर भाग जाणे हा योगायोगही असू शकतो, म्हणून दुसरा बिंदू घेऊ. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी आहे. धरण पूर्ण भरले की जलपातळी ४९६.८३ मीटर असते. आपण पूर्णांकात ४९७ धरू. ४९७ = १ × २५६ + २४१. प्रोग्रामला १ आणि २४१ दिले. उत्तर आले उणे ३८३९! उजनीचे पाणी समुद्रसपाटीखाली पावणेचार किलोमीटरवर गेले. शिवाय फरक आहे −४३३६, आणि त्याला २५५ ने भाग जात नाही. आपला तर्क कोलमडला का?

नाही. या फाईलीतल्या संख्या ऋणही असू शकतात. (मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीखाली ४०० मीटरहून खोल आहे.) दोन बाइटमध्ये ऋण संख्या मावावी म्हणून असा संकेत आहे की ३२७६८ किंवा त्याहून मोठी संख्या आली तर तिच्यातून ६५५३६ वजा करायचे. बाइट उलटले की २४१ × २५६ + १ = ६१६९७; त्यातून ६५५३६ गेले की −३८३९. ही वजाबाकी परत भरून काढली की फरक ६१६९७ − ४९७ = ६१२००, आणि त्याला २५५ ने भागले की नेमके २४०. दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतात: बाइट उलटले आहेत.

आता प्रोग्राममधली दोषी ओळ शोधायला एक मिनिट पुरे. थोरला-आधी प्रोसेसरने २ आणि २६ वाचले तेव्हाच ५३८ हे बरोबर उत्तर त्याच्या हाती होते. प्रोग्रामने मात्र ठरल्याप्रमाणे अदलाबदल केली आणि ते बिघडवले. 'ज्या संगणकावर मी चालतो तो धाकटा-आधीच असणार' हे गृहीत कुठेही लिहिलेले नव्हते. इंटेल ते मुकाट्याने पुरे करत होता, एवढेच.

पास झालेल्या चाचणीचे काय?

आमच्या मते या प्रकरणात सर्वांत विचार करण्यासारखी आहे ती पास झालेली दुसरी चाचणी. ७५ रेखांशावरचे १२०१ आकडे दोन्ही फाईलींत जुळले. आणि ते सगळेच्या सगळे चुकीचे वाचले गेले होते! दोन्ही फाईली एकाच चुकीच्या पद्धतीने वाचल्या, म्हणून त्या एकमेकींशी जुळल्या. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका जुळल्या म्हणजे उत्तरे बरोबर, असे कोणता शिक्षक म्हणेल? तिसरी चाचणी बाहेरून आणलेल्या माहितीवर, बारामतीच्या खऱ्या उंचीवर उभी होती, म्हणून तिने चोर पकडला.

तीसुद्धा फसू शकली असती. ५१४ ही संख्या पाहा: ५१४ = २ × २५६ + २. थोरला आणि धाकटा सारखेच! उलटवा वा नका उलटवू, उत्तर ५१४. आणि ५१४ मीटर उंचीची जागा आपल्या भागात आहे का? असलीच पाहिजे. बारामती ५४० च्या आसपास, उजनीचे पाणी ४९७ वर; चालत उतरत गेलो तर वाटेत कुठेतरी ५१४ मीटर ओलांडावे लागणारच. चाचणीसाठी नेमका तो बिंदू निवडला असता तर तिन्ही चाचण्या पास होऊन नकाशा चुकीचा निघाला असता.

६६५८ पाहून निदान हसू तरी येते. चिंता वाटते ती पटण्यासारख्या चुकीची. रडारला जिथे उंची कळली नाही तिथे फाईलीत −३२७६८ ही खुणेची संख्या घातलेली असते. अर्थ, 'इथे माहिती नाही'. तिचे बाइट १२८ आणि ०. उलटवले की ० × २५६ + १२८ = १२८ मीटर. जिथे माहितीच नाही तिथे प्रोग्राम शांतपणे १२८ मीटर उंची सांगू लागेल. कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या नकाशात ही संख्या कोणाच्या डोळ्यांत भरणार? त्यावरून ओढ्याचा उतार काढला, बंधाऱ्याची जागा ठरवली, तरी कोणाला शंकाही येणार नाही.

ही अडचण पुण्यातल्या संगणकांच्या इतिहासातही डोकावते. सी-डॅक या संस्थेचा परम-८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. त्याचे ट्रान्सप्युटर प्रोसेसर धाकटा-आधी जातीचे होते. १९९८ च्या परम-१०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले, ते थोरला-आधी. नंतरच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४, तेही थोरला-आधी. आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन, म्हणजे पुन्हा धाकटा-आधी. अशा प्रत्येक स्थित्यंतरात जुन्या यंत्राने लिहिलेली आकड्यांची फाईल नव्या यंत्राला द्यायची तर क्रमाचा विचार करणे भागच असते.

दुरुस्ती आणि नवा बिघाड

दुरुस्ती अशी: प्रोसेसरला संख्या म्हणून काही वाचायला सांगूच नका. एकेक बाइट घ्या आणि गणित स्वतः करा. पहिला × २५६ + दुसरा. गुणाकार आणि बेरीज सर्व प्रोसेसरांवर सारखीच होते, मग त्यांनी बाइट कोणत्याही क्रमाने ठेवलेले असोत. २ × २५६ + २६ = ५३८, इंटेलवरही आणि आयबीएमवरही. 'हा प्रोसेसर कोणत्या पंथाचा?' असे विचारून मग उलटवण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, कारण इथे प्रश्नच उरत नाही.

पण सी भाषेत हे लिहिताना आणखी एक खड्डा आहे. सी मध्ये एका बाइटसाठी 'कॅर' नावाचा प्रकार आहे. त्यात ० ते २५५ असावेत की −१२८ ते १२७, हे भाषेच्या नियमांनी ठरवलेले नाही; ते कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडले आहे. इंटेलवर तो −१२८ ते १२७ धरण्याची प्रथा आहे. लिनक्स चालवणाऱ्या एआरएम प्रोसेसरवर, उदाहरणार्थ शाळेला परवडणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, ० ते २५५. (सुरुवातीच्या एआरएम प्रोसेसरना ऋण चिन्हासह बाइट उचलणारी आज्ञाच नव्हती, तिथून ही प्रथा आली.)

दुरुस्त प्रोग्राम 'कॅर' वापरून लिहिला तर काय होईल? बारामतीचा धाकटा बाइट २६. तो १२७ पेक्षा लहान, म्हणून दोन्हीकडे ५३८. उजनीचा धाकटा बाइट २४१. रास्पबेरी पायवर १ × २५६ + २४१ = ४९७. इंटेलवर मात्र २४१ म्हणजे २४१ − २५६ = −१५, आणि उंची २५६ − १५ = २४१ मीटर! बारामती पास, इंदापूर नापास; आणि या खेपेस नापास करणारा प्रोसेसर आपला रोजच्या ओळखीचा.

कोणत्या उंच्या बिघडतील, हे वर्गात काढायला लावा. ५१२ ते ६३९ मीटरपर्यंत धाकटा बाइट ० ते १२७ असतो. तिथे सर्व ठीक. ३८४ ते ५११ पर्यंत तो १२८ ते २५५. ती सगळी जमीन २५६ मीटरने खाली जाते. म्हणजे इंटेलवर काढलेल्या नकाशात ५१२ मीटरच्या समोच्चरेषेवर एक कडा उभा राहतो. ५१२ मीटरची जमीन ५१२ वरच, आणि तिच्या शेजारची ५११ ची एकदम २५५ वर. बारामतीकडून उजनीच्या काठाकडे जाताना आपली सपाट, उसाची राने आणि मध्येच सह्याद्रीला शोभेल असा अडीचशे मीटरचा तुटलेला कडा! आलेख कागदावर खरा छेद आणि हा खोटा छेद शेजारी शेजारी काढले की मुलांना बाइट कधी विसरणार नाही.

रास्पबेरी पायवर तरी सर्व बरोबर आहे का? खुणेची संख्या तपासा. बाइट १२८ आणि ०. इंटेलवर १२८ म्हणजे −१२८, आणि −१२८ × २५६ = −३२७६८; खूण ओळखली गेली. रास्पबेरी पायवर १२८ × २५६ = +३२७६८; खूण ओळखलीच गेली नाही आणि नकाशात एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट उंचीचे शिखर उगवले. एकाच ओळीने इंटेलला उजनीपाशी पाडले आणि एआरएमला रिकाम्या जागी.

दोन्हीकडे चालणारा प्रोग्राम असा: दोन्ही बाइट ० ते २५५ असेच घ्यावेत (सी मध्ये त्यासाठी 'अनसाइन्ड कॅर' असे स्पष्ट लिहावे लागते), पहिला × २५६ + दुसरा करावे, आणि उत्तर ३२७६८ किंवा अधिक आले तर ६५५३६ वजा करावेत. चाचण्यांमध्ये आता निदान चार बिंदू हवेत: बारामतीचा २, २६; उजनीचा १, २४१; रिकाम्या जागेचा १२८, ०; आणि समुद्रसपाटीखालच्या एका जागेचा. मृत समुद्राकाठचे −४३० मीटर घेतले तर ते दोन बाइट कोणते, हे विद्यार्थ्यांनी काढावे आणि मग चारही बिंदू निदान दोन जातींच्या प्रोसेसरवर चालवून पाहावेत.